सेकंडहँड गॅलेक्सी फोल्ड, पहिल्या पिढीचा, २४ हजारांत: घ्यावा का?

प्रश्न: मी कराडला विम्याचं काम करते. दिवसभर स्कूटरवरून आसपासच्या गावांत फिरणं असतं. फॉर्म, हप्त्यांचे तक्ते ग्राहकांना फोनवरच दाखवावे लागतात आणि वयस्कर माणसांना ते वाचता येत नाहीत. ओळखीच्या मोबाइलवाल्याकडे सॅमसंगचा पहिला गॅलेक्सी फोल्ड आलाय, २०१९ चा. २४ हजार म्हणतोय. खोका आहे, बिल नाही. "नवा होता तेव्हा दीड लाखाच्या वर होता," असं सांगतो. मी २ हजार टोकन दिलंय, रविवारपर्यंत कळवायचं आहे. माझ्याकडे एकच फोन असतो. दोन सिम, बँक, यूपीआय, सगळं त्यातच. मुलगा म्हणतो, पहिल्या पिढीच्या फोल्डच्या नादाला लागू नकोस. घ्यावा का? आणि घ्यायचाच झाला तर काय तपासू?

उत्तर: ताई, घेऊ नका. मुलाचं बरोबर आहे. पण नुसतं "नको" म्हणून भागणार नाही, कारण दुकानदार रविवारी पुन्हा तोच दीड लाखाचा आकडा पुढे करील. तेव्हा या फोनमध्ये काय आहे, काय बिघडतं आणि का बिघडतं, हे नीट समजून घ्या.

दुकानदाराने सांगितलेली किंमत खरी आहे. भारतात हा फोन १ ऑक्टोबर २०१९ ला आला तेव्हा तो १,६४,९९९ रुपयांना होता. त्याआधी त्याचं एक प्रकरण झालं होतं. त्या वर्षी २६ एप्रिलला अमेरिकेत विक्री सुरू व्हायची होती. परीक्षणासाठी पत्रकारांना आधी दिलेल्या फोनांपैकी काहींच्या स्क्रीन एक-दोन दिवसांतच गेल्या. काहींनी स्क्रीनवरचा पातळ थर नेहमीची फिल्म समजून सोलून काढला आणि स्क्रीन मेली. एकाच्या फोनमध्ये बिजागरीच्या फटीतून बारीक कचरा आत गेला, स्क्रीनखाली टेंगूळ आलं आणि पुढे डिस्प्ले बिघडला. कंपनीने विक्री पुढे ढकलली, फोन सुधारला आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा बाजारात आणला. वरच्या थराच्या कडा चौकटीखाली दडवल्या, बिजागरीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला इंग्रजी टी अक्षरासारख्या टोप्या बसवल्या, स्क्रीनखाली धातूचे जादा थर घातले, बिजागरी आणि चौकट यांच्यातली फट कमी केली. भारतात विकले गेले ते सगळे या सुधारणेनंतरचे. म्हणजे तुम्हाला दाखवलेला फोन एप्रिलमधल्या त्या फसलेल्या फोनांपैकी नाही. पण मूळ रचना तीच आहे, आणि सुधारणा म्हणजे कचरा आत जायच्या वाटा अरुंद केल्या, बंद केल्या नाहीत.

ही गोष्ट तुमच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे. या फोनला पाणी किंवा धूळ रोखण्याचं कसलंही प्रमाणन नाही. सॅमसंगच्या घडीच्या फोनांमध्ये पाणी रोखण्याची सोय ऑगस्ट २०२१ मध्ये फोल्ड ३ आणि फ्लिप ३ पासून आली. त्याआधीच्या फोल्ड, फोल्ड २ आणि झेड फ्लिपमध्ये ती नव्हतीच. तुम्ही ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरमागून धूळ खात जाता आणि जून ते सप्टेंबर पावसात फिरता. पर्समध्ये ठेवलेला फोनही या दोन्हींतून सुटत नाही. साध्या फोनच्या कडेला धूळ बसली तर ब्रशने झटकता येते. घडीच्या फोनमध्ये ती बिजागरीच्या दातांमध्ये जाते, तिथून स्क्रीनच्या पाठीमागे, आणि बंद करताना पडणारा दाब त्या कणावरून थेट डिस्प्लेच्या थरावर येतो. वाळूचा एक कण पुरतो.

आता स्क्रीनविषयी. पहिल्या फोल्डच्या आतल्या स्क्रीनवर काच नाही. वरचा थर प्लास्टिकच्या जातीचा आहे, त्याखाली लवचीक ओलेड पॅनल आणि त्याखाली आधाराला धातूचे पातळ पत्रे. घडी घालता येईल अशी अतिपातळ काच, साधारण ३० मायक्रॉन जाडीची, फेब्रुवारी २०२० च्या झेड फ्लिपपासून आली, आणि तिच्यावरही प्लास्टिकचा थर असतोच. त्यामुळे नखाने जोरात दाबलं, पेनचं टोक टेकलं, बंद करताना मध्ये टाचणी किंवा फॉर्मची स्टेपल राहिली की कायमचा वळ उठतो. तुमच्या कामात ग्राहक बोट दाबून "हा आकडा कसला?" असं विचारणार. वयस्कर माणूस तर नखच टेकवतो. हा फोन नवा विकला जाई तेव्हा कंपनीच स्पष्ट बजावत असे: हलक्या हाताने वापरा, आतल्या स्क्रीनवर वेगळी फिल्म चिकटवू नका, पाणी आणि धुळीपासून जपा. आत लोहचुंबक आहेत, म्हणून बँकेची कार्डं आणि पेसमेकरसारखी उपकरणं लांब ठेवा, हेही त्यात होतं. वयस्कर ग्राहकांशेजारी बसून काम करताना हे शेवटचं विसरून चालणार नाही.

दुकानदार "दोन लाख वेळा उघडझाप करून तपासलेला फोन आहे" असंही सांगेल. कंपनीचा आकडा २ लाखच होता, पण ती चाचणी प्रयोगशाळेतली होती, यंत्राने, एकसारख्या दाबाने, धूळ नसताना. २०१९ मध्येच अमेरिकेतल्या सी-नेट (CNET) या तंत्रज्ञानाच्या संकेतस्थळाने यंत्राला लावून घड्या घातल्या, तेव्हा साधारण १ लाख २० हजारांच्या आसपास स्क्रीनचा अर्धा भाग गेला. त्या यंत्राचा वेग माणसाच्या हातापेक्षा खूप जास्त होता, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा धरू नका. पण हिशोब करून बघा. आधीच्या मालकाने दिवसाला ६० वेळा उघडला असेल, आणि हे फार नाही, तर सहा वर्षांत १ लाख ३१ हजार घड्या झाल्या. या फोनमध्ये घड्या मोजणारा मीटर नाही. सेकंडहँड गाडी घेताना किलोमीटर तरी दिसतात. इथे तेही नाही.

झीज कशी होते ते ओळखता आलं पाहिजे. घडीच्या रेषेवर स्क्रीनमधले अतिबारीक वाहक तार वाकून वाकून थकतात. आधी रेघेवर एखादी उभी हिरवी किंवा पांढरी ओळ दिसते, कधी फोन उघडताना क्षणभर लुकलुकते आणि जाते. मग एक दिवस अर्धी स्क्रीन काळी होते. दुसरी झीज वरच्या थराची. तो रेघेवर मधोमध सुटतो, बुडबुडा येतो आणि त्यात धूळ शिरते. तिसरी जागा म्हणजे दोन अर्धे भाग जोडणारी, बिजागरीतून जाणारी चपटी केबल. ती थकली की स्पीकर, कॅमेरा किंवा टच एका बाजूला मध्येच बंद पडतो आणि फोन थोडा हलवला की परत चालू होतो. दुकानात बसून नेमका हाच दोष दिसत नाही, घरी चार दिवसांनी दिसतो.

आणि बॅटरी. ४,३८० एमएएचची ही बॅटरी दोन तुकड्यांत आहे, प्रत्येक अर्ध्या भागात एक. लिथियमच्या बॅटरीचं वय चार्जिंगनेही वाढतं आणि नुसतं पडून राहूनही. साध्या फोनची जुनी बॅटरी फुगली तर मागचं झाकण उचलतं, दुकानदार नवी घालून देतो. घडीच्या फोनमध्ये फुगलेली बॅटरी आतून लवचीक स्क्रीनला ढकलते आणि बॅटरीबरोबर स्क्रीनही जाते. दुरुस्तीही सोपी नाही. फोन उघडून दुरुस्तीची सोय तपासणाऱ्या आयफिक्सिटने या फोनला दहापैकी दोन गुण दिले होते. आतली स्क्रीन खराब झाली की सुटी स्क्रीन बदलत नाहीत. चौकट आणि बिजागरीसकट जोडलेला भाग बदलतात, म्हणून खर्च मोठा. सात वर्षांपूर्वीच्या, थोड्याच लोकांनी घेतलेल्या फोनचा तो भाग मिळेल का, हाच पहिला प्रश्न.

म्हणून रविवारच्या आधी एक काम करा. जवळच्या अधिकृत सॅमसंग सर्व्हिस सेंटरला फोन लावा, मॉडेल नंबर सांगा आणि दोनच गोष्टी विचारा: आतल्या स्क्रीनचा पूर्ण भाग उपलब्ध आहे का, आणि जीएसटी व मजुरीसकट किती. व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर लेखी मागा. तो आकडा २४ हजारांत मिळवा. या फोनची तुमच्यासाठीची खरी किंमत तीच. भाग मिळतच नाही असं उत्तर आलं, तर स्क्रीन गेली की फोन संपला, असं धरून चला.

मॉडेल नंबर सेटिंग्जमध्ये "अबाउट फोन"मध्ये असतो. भारतात अधिकृत विकलेला फोन एसएम-एफ९००एफ. तिथे एफ९०७ दिसलं तर तो बाहेरून आलेला ५जी फोन. शेवटी एन असेल तर कोरियातला, बी असेल तर युरोपकडचा. अशा फोनचं काम इथलं सेंटर घेईल याची हमी नाही, आणि कोरियातल्या फोनमध्ये कॅमेऱ्याचा खटका आवाज बंदच करता येत नाही. उलट भारतातला एफ९००एफ फक्त ४जी आहे. आपल्याकडे ५जी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं, हा फोन त्याच्या तीन वर्षं आधीचा.

तुमच्या पत्रातल्या "दोन सिम, बँक, यूपीआय, सगळं त्यातच" या ओळीने मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. या फोनमध्ये नॅनो सिमची एकच जागा आहे, दुसरा नंबर ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच चालणारं सिम, करून घ्यावा लागतो. मेमरी कार्डाची जागा नाही. फोन अँड्रॉइड ९ वर निघाला आणि १२ वर थांबला. गूगलनेही अँड्रॉइड १२ च्या सुरक्षा दुरुस्त्या २०२५ मध्ये बंद केल्या. ॲप आज चालतील, पण नव्याने सापडलेली भोकं आता या फोनवर बुजवली जाणार नाहीत. स्वतःचं बँक खातं आणि ग्राहकांची आधार-पॅन कागदपत्रं असलेला एकुलता एक फोन असा ठेवू नये. नुसता व्हिडिओ बघायचा फोन असता तर मी एवढं ताणलं नसतं.

आता तुमची मूळ गरज बघू, कारण मोठ्या स्क्रीनची अडचण खरी आहे. छापील फॉर्म ए४ कागदावर असतो, रुंदी २१ सेंटिमीटर. साध्या ६.७ इंची फोनची रुंदी साधारण ७ सेंटिमीटर, म्हणजे फॉर्म एक तृतीयांश होतो; बारीक अक्षर वाचवतच नाही. पहिल्या फोल्डची आतली स्क्रीन ७.३ इंची, उघडल्यावर रुंदी पावणेअकरा सेंटिमीटर. म्हणजे ए४ कागद दोनदा दुमडल्यावर जेवढा उरतो तेवढी जागा. कागदावरचं १० पॉइंटचं अक्षर तिथे ५ पॉइंटचं दिसणार. साठीच्या पुढच्या माणसाला तेही झूम करूनच वाचावं लागेल. ११ इंची टॅब उभा धरला तर रुंदी १४.८ सेंटिमीटर येते, फॉर्म सत्तर टक्के आकाराचा दिसतो आणि १० चं अक्षर ७ चं होतं. चष्मा लावलेला माणूस ते वाचतो.

घेतलाच तर टॅब ११ इंचीच घ्या. ८.७ इंची टॅब हातात सुटसुटीत वाटतो, पण त्याची रुंदी फोल्डपेक्षा जेमतेम अर्धा सेंटिमीटर जास्त आहे. तुमचं काम होणार नाही. सिम नसलेला वायफायवाला चालेल, फोनच्या हॉटस्पॉटवर जोडा. टफन्ड काच लावा, पुस्तकासारखं उघडणारं कव्हर घ्या. नव्या टॅबला पक्कं बिल आणि वर्षाची वॉरंटी मिळते, आणि ग्राहकाने कितीही जोरात बोट दाबलं तरी काही होत नाही. मुख्य म्हणजे टॅब बिघडला तरी तुमचा फोन, सिम आणि बँक शाबूत राहतात. २४ हजारांच्या आत हे सगळं बसतं. फोल्ड बंद असताना बाहेरची जी ४.६ इंची अरुंद स्क्रीन वापरावी लागते तिच्यावर मराठी टाइप करणं किती जिकिरीचं आहे, ते दुकानात एक मेसेज लिहून बघितलंत तरी कळेल. आणि वजन २७६ ग्रॅम, बंद केल्यावर जाडी बिजागरीकडे १७ मिलिमीटर. रोज पर्समधून काढायची वस्तू म्हणून ती जड आहे.

घडीचे फोन मुळातच वाईट, असं मात्र मनात धरू नका. पहिल्या खेपेत ग्राहकांच्या हातात जे बिघडलं ते कंपन्यांनी पुढच्या चार-पाच खेपांत बरंच दुरुस्त केलं. २०२५ चा फोल्ड ७ बंद केल्यावर ८.९ मिलिमीटर जाड आणि २१५ ग्रॅम वजनाचा आहे, आणि त्याच्या स्क्रीनसाठी कंपनी ५ लाख घड्यांचा आकडा सांगते. पुढे कधी सेकंडहँड फोल्ड घ्यावासा वाटलाच तर फोल्ड ४ च्या खाली उतरू नका. फोल्ड ३ अँड्रॉइड १५ पर्यंत पोचला, फोल्ड ४ १६ पर्यंत, आणि २०२४ च्या फोल्ड ६ पासून सात वर्षांच्या अपडेटचं आश्वासन आहे. पाणीरोधकतेच्या आकड्यालाही फसू नका. आयपीएक्स८ मधला एक्स म्हणजे धुळीची चाचणीच झालेली नाही. आयपी४८ मधला चार म्हणजे एक मिलिमीटरपेक्षा मोठे कण अडतात. रस्त्यावरची धूळ त्याहून कितीतरी बारीक असते. शिवाय पाणी अडवणारे रबर आणि गोंद वर्षागणिक सैल पडतात, आणि फोन एकदा बाहेर उघडून दुरुस्त केला की त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

"फोल्ड नको तर हा छोटा घ्या," म्हणून दुकानदार २०२० चा झेड फ्लिप किंवा मोटोरोला रेझर पुढे करेल. तेही पहिल्या पिढीचेच. रेझरमध्ये सिमची जागाच नाही, सगळं ई-सिमवर. बॅटरी अवघी २,५१० एमएएच. स्क्रीनवर उंचसखल भाग येणं स्वाभाविक आहे, असं कंपनीने स्वतःच्याच व्हिडिओत सांगितलं होतं. झेड फ्लिपची स्क्रीन गेली तर आतली माहिती काढणं अवघड: बाहेरची पट्टी १.१ इंची, तिच्यावर काही उघडता येत नाही, आणि टीव्हीला तार जोडून चित्र पाहायची सोय त्यात नाही. या बाबतीत पहिला फोल्ड बरा, आतली स्क्रीन मेली तरी बाहेरच्या स्क्रीनवरून फोन उघडतो. आणि नव्या कंपनीचा पहिलावहिला घडीचा फोन स्वस्तात दिसला, तर तिचं सर्व्हिस सेंटर आपल्या जिल्ह्यात आहे का आणि स्क्रीन त्यांच्याकडे मिळते का, एवढं विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग पहिल्या पिढीचा फोल्ड कुणी घ्यावा? जुन्या फोनांचा संग्रह करणाऱ्याने. ॲप बनवणाऱ्याने, ज्याला घडीच्या स्क्रीनवर आपलं ॲप कसं वागतं ते बघायचंय. घरात बसून वाचायला, सिम न घालता, बँकेचं ॲप न टाकता दुसरा फोन हवा असलेल्याने. आणि त्यांनीही किंमत अशी द्यावी की स्क्रीन उद्या गेली तरी झोप उडणार नाही. २४ हजार ही तशी किंमत नाही, बिलाशिवाय तर नाहीच.

तुम्ही "काय तपासू" असंही विचारलंय. हा फोन नाही तरी पुढे कधी उपयोग होईल म्हणून सांगतो. घडीचा कुठलाही सेकंडहँड फोन असाच बघायचा. दुकानात अर्धा तास ठेवून जा. घाई करणारा दुकानदार असेल तर तिथूनच परत फिरा.

आधी फोन बंद असताना बाहेर उजेडात न्या. पहिल्या फोल्डमध्ये घडी घातल्यावर बिजागरीजवळ थोडी फट राहतेच, तो दोष नाही. फट वरून खालपर्यंत सारखी हवी. एका टोकाला जास्त असेल तर फोन पडलेला आहे किंवा बॅटरी फुगतेय. मागच्या काचा चौकटीपासून उचलल्यात का ते नखाने चाचपा. मग उघडून काचेच्या काउंटरवर पालथा ठेवा. दोन्ही अर्धे सपाट टेकले पाहिजेत. मध्ये तंबूसारखा उंचवटा राहिला, किंवा उघडताना कचकच ऐकू आली, तर बिजागरीत कचरा आहे. पहिल्या फोल्डची बिजागरी अर्ध्यात थांबत नाही, एक तर पूर्ण उघडते नाहीतर मिटते. अर्ध्यावर थांबायची सोय झेड फ्लिप आणि फोल्ड २ पासूनची. रेघेच्या वर आणि खाली त्या टोप्या जागेवर आहेत का बघा. स्क्रीनवरच्या थराची कड चारही बाजूंनी चौकटीखाली गेलेली हवी. कड उघडी दिसली तर कुणीतरी वरून फिल्म चिकटवलीय किंवा मूळ थर छेडलाय. ती फिल्म काढून दाखवतो म्हणाला तर काढू देऊ नका, मूळ थरही बरोबर येईल.

यानंतर फोनच्या डायलरवर *#०*# दाबा, तपासणीचा मेनू उघडतो. लाल, हिरवा, निळा असे रंग पूर्ण स्क्रीनवर लावून प्रत्येक रंगात फोन दहादा उघडा आणि मिटा. रेघेवर ओळ, डाग, लुकलुक दिसते का त्यावरच नजर ठेवा. टचच्या चाचणीत स्क्रीनभर चौकोन येतात. बोट रेघेवरून वरून खाली फिरवा, एकही चौकोन सुटता कामा नये. मग ब्राइटनेस अगदी कमी करून राखाडी चित्र लावा, जळल्याचे डाग तेव्हाच दिसतात. सॅमसंग मेंबर्स ॲपमध्ये तपासणीचा विभाग आहे. तिथे बॅटरीची स्थिती, स्पीकर, माइक, सेन्सर एकेक करून तपासा. चार्जर लावून पंधरा मिनिटं व्हिडिओ चालू ठेवा. एकच बाजू जास्त तापत असेल तर सोडून द्या. त्याच वेळी दोन्ही बाजूंचे स्पीकर, पुढचा-मागचा कॅमेरा आणि एक कॉल, हे फोन उघडून आणि मिटून दोन्ही प्रकारे करा. केबल थकलेली असेल तर इथे पकडली जाते.

शेवटी कागदपत्रं. *#०६# दाबून आयएमइआय नंबर काढा, खोक्यावरच्या नंबरशी जुळवा आणि सरकारच्या "संचार साथी" संकेतस्थळावर टाकून फोन चोरीचा किंवा ब्लॉक केलेला नाही ना ते पाहा. हप्त्यावर घेतलेल्या फोनांत कर्ज देणाऱ्या कंपनीचं लॉक असतं, म्हणून दुकानदारासमोरच फोन फॅक्टरी रीसेट करा आणि तुमच्या जीमेलने सुरू करून बघा. जुन्या मालकाचा पासवर्ड मागितला तर व्यवहार तिथेच थांबवा.

मन वळून फोन घेतलाच, तरी सिम आणि यूपीआय जुन्या फोनमध्येच ठेवा. फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप रोज रात्री आपोआप जाईल असं लावा. उघडताना दोन्ही हात वापरा, रेघेवर अंगठा दाबू नका. पुसायला कोरडं मायक्रोफायबर कापड घ्या. फोनच्या दुकानातल्या ब्लोअरची हवा बिजागरीत मारू देऊ नका, कचरा आणखी आत जातो. पावसात झिपवाल्या पिशवीत ठेवा. मिटल्यावर फट वाढलेली दिसली त्या दिवसापासून चार्ज करू नका, तसाच सर्व्हिस सेंटरला न्या.

टोकनचं असं करा. रविवारी जाताना सर्व्हिस सेंटरचं लेखी उत्तर घेऊन जा. "बिल नाही, स्क्रीनचा खर्च एवढा, म्हणून फोन नको, टोकन परत द्या," एवढंच बोला. तुम्ही ओळखीच्या आहात, तेव्हा तो "दुसरं काहीतरी घ्या" म्हणेल. टॅबचं कव्हर आणि टफन्ड काच यात दोन हजार वळते करून घेतले तरी चालेल, पण त्या वस्तूंचं बिल घ्या. टोकन देताना पावती मिळाली असेल किंवा पैसे यूपीआयने गेले असतील तर तो पुरावा जपून ठेवा. अगदीच अडून बसला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तिथे मराठीत तक्रार नोंदवता येते.